गुणदोषांची पारख

चित्रपट संपून प्रेक्षक बाहेर पडू लागले, की त्यांच्या तोंडून बहुधा दोनच अभिप्राय ऐकू येतात. कोणी म्हणतो, 'फार छान होता'. कोणी म्हणतो, 'त्यात काही अर्थ नव्हता.' या दोन्ही वाक्यांवरून बोलणाऱ्याचे मन कळते. चित्रपट मात्र कळत नाही. आवड आणि पारख या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आवड क्षणात उमटते आणि तिच्यासाठी कारण द्यावे लागत नाही. पारख करणाऱ्याला मात्र कारण द्यावेच लागते. सराफ सोने कसोटीच्या दगडावर घासतो, उमटलेली रेघ निरखून पाहतो आणि मगच बोलतो. तो दागिना त्याला स्वतःला आवडला की नाही, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही.

नामांकित कलावंताची कृती पारखणे एका परीने सोपे असते. तिच्याविषयी पूर्वी अनेकांनी लिहिलेले असते आणि त्या लेखनाचा आधार आपल्याला घेता येतो. जो अजून शिकत आहे, त्याची कृती पारखणे अधिक कठीण. तेथे दोन मोह आपल्याला वाट चुकवितात. 'बिचारा शिकाऊ आहे, सांभाळून घ्यावे,' असे म्हणून सर्वच गोष्टींना मान डोलावणे, हा पहिला मोह. हाती लाल पेन्सिल घेऊन केवळ चुका मोजीत बसणे, हा दुसरा. पहिल्याने शिकणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही; दुसऱ्याने त्याच्यापाशी असलेला धीरही जातो. या दोहोंमधली न्यायाची वाट कोणती, हे एका विद्यार्थ्याने तयार केलेल्या चित्रपटाच्या आधारे आपण पाहू.

सुतारकाम शिकणाऱ्याने अखेरीस स्वतःच्या हाताने एखादी वस्तू घडवून दाखवावी लागते. चित्रपटकला शिकविणाऱ्या संस्थांतही तसेच असते. शिक्षणाच्या शेवटी विद्यार्थी आपल्या सोबत्यांच्या साहाय्याने एक छोटा चित्रपट तयार करतो आणि त्यावरून त्याची परीक्षा होते. आपल्या महाराष्ट्रात पुणे येथे, प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात, १९६० साली अशी संस्था सुरू झाली. मॉस्को येथील संस्था मात्र त्याहून पुष्कळ जुनी. ती १९१९ साली स्थापन झाली. या मॉस्कोच्या संस्थेत मिखाईल रोम या दिग्दर्शकाच्या हाताखाली आन्द्रेई तारकोव्स्की नावाचा एक तरुण शिकत होता. त्याने १९६० साली आपल्या अंतिम परीक्षेसाठी 'रोडरोलर आणि व्हायोलिन' हा चित्रपट तयार केला. त्या वेळी तो अठ्ठावीस वर्षांचा होता. चित्रपटाची पटकथा त्याने आन्द्रेई कोन्चालोव्स्की या आपल्या सहाध्यायाबरोबर लिहिली. छायाचित्रण वादिम युसोव याने केले. हा रंगीत चित्रपट सुमारे पाऊण तासाचा आहे.

कथानक अगदी लहान असून ते एका दिवसात सुरू होऊन संपते. मॉस्कोतील एका जुन्या इमारतीत साशा हा सात वर्षांचा मुलगा राहतो. तो व्हायोलिन शिकतो. शिकवणीला जाण्यासाठी पेटी हाती घेऊन तो जिना उतरतो, तेव्हा आवारातील दांडगी मुले त्याला अडवितात आणि 'वाजवणारा, वाजवणारा' म्हणून चिडवितात. तेथेच डांबरी रस्त्याचे काम चालू आहे. रोडरोलर चालविणारा सर्गेई हा कामगार मध्ये पडतो आणि साशाची सुटका करतो. शिकवणीहून परत आल्यावर साशाला तो आपल्या यंत्रावर बसवितो, इतकेच नव्हे, तर ते त्याला चालवूही देतो. दुपारच्या सुट्टीत दोघे बरोबर फिरतात. वाटेत दुबळ्या मुलाला छळणाऱ्या एका दांडग्या मुलाशी साशा झुंजतो आणि मार खातो. जुनी इमारत पाडण्याचे काम ते दोघे गर्दीत उभे राहून पाहतात. पावसात भिजतात. मग साशा आपल्या मित्राला व्हायोलिन वाजवून दाखवितो. संध्याकाळी दोघांनी मिळून 'चापायेव' हा चित्रपट पाहावयाचा, असे ठरते. परंतु अनोळखी माणसाबरोबर जाण्यास आई परवानगी देत नाही. साशा चिठ्ठी लिहितो, तिचे कागदी विमान करून खिडकीतून सोडतो. ते सर्गेईच्या दृष्टीस पडतच नाही. तो बराच वेळ वाट पाहतो आणि अखेर त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका तरुणीसह चित्रपटाला निघून जातो. शेवटी साशा मनातल्या मनात जिना उतरून धावत सुटतो आणि सर्गेईच्या लाल रोलरवर चढून बसतो.

आता याची पारख कशी करावयाची? कोणतीही कृती समोर आली असता तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. कर्त्याला काय सांगावयाचे होते? ते सांगण्यासाठी त्याने कोणती साधने वापरली? आणि त्या साधनांनी त्याचा हेतू साधला काय? हा क्रम महत्त्वाचा आहे. कर्त्याचा हेतू न ओळखता केलेली टीका म्हणजे जात्याला 'तू पाणी का भरीत नाहीस' असे विचारण्यासारखे आहे. साशा आणि सर्गेई यांच्या चित्रपटात मोठी घटना नाही, हा दोष नव्हे. कारण मोठी घटना सांगणे हा हेतूच नाही. श्रम करणारा एक प्रौढ आणि संगीत शिकणारा एक मुलगा एका दिवसापुरते एकमेकांजवळ कसे येतात आणि पुन्हा कसे दुरावतात, एवढेच दाखवावयाचे आहे. तेव्हा हे जवळ येणे आणि दुरावणे आपल्याला खरे वाटते काय, यावरच निकाल अवलंबून राहील.

प्रथम गुण पाहू. या चित्रपटाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे जे दाखविता येते, ते तो बोलून सांगत नाही. शिकवणीच्या ठिकाणी साशा आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला आहे. जवळच त्याच्याच वयाची एक मुलगी बसली आहे. साशा तिच्याजवळ एक सफरचंद ठेवतो. दोघांत बोलणे होत नाही. साशा आत जातो. मुलगी सफरचंदाकडे पाहते, ते दूर सारते, पुन्हा पाहते. साशाची शिकवणी आत वाईट रीतीने पार पडते; तो खालमानेने बाहेर येतो आणि तिच्याकडे न पाहताच निघून जातो. तेथे आपल्याला सफरचंदाचा केवळ खाऊन उरलेला गाभा दिसतो. साशाची भेट स्वीकारली गेली, हे आपल्याला कळते; ज्याला कळावयास हवे होते, तो मात्र निघून गेलेला असतो. हा सर्व प्रसंग एका फळाच्या साहाय्याने सांगितला आहे. शब्दांत सांगावयाचे म्हटले असते, तर पानभर लिहूनही एवढे साधले असतेच असे नाही.

दुसरा गुण ध्वनीच्या योजनेत आहे. शिकवणीच्या खोलीत मेट्रोनोम हे लयीचे ठोके देणारे यंत्र टकटक करीत असते. साशाच्या वादनात त्याची स्वतःची काही कल्पना येऊ लागते. त्याची लय ठोक्यापासून ढळते आणि बाई त्याला थांबवितात. पुढे इमारत पाडण्याच्या प्रसंगातही ठोकेच ऐकू येतात. मात्र ते तारेला टांगलेल्या भल्या मोठ्या लोखंडी गोळ्याचे असतात. एक ठोका मुलाला आवरून धरणारा, तर दुसरा जुनी भिंत कोसळविणारा. दिग्दर्शक कोठेही असे म्हणत नाही की, 'या दोहोंची तुलना करा.' लक्ष देऊन ऐकणाऱ्याला मात्र ते ठोके एकमेकांना साद घालताना जाणवतात.

तिसरा गुण रंगांचा. डांबराचा करडा रंग आणि जुन्या भिंतींचा मळकट रंग यांच्यामध्ये सर्गेईचा रोलर लालभडक आहे. शेवटी साशा आपल्या कल्पनेत धावतो, तेव्हा त्याच्या अंगात लाल सदरा असतो. जे प्रत्यक्षात घडू शकले नाही, ते रंगाने घडवून आणले आहे. मुलगा आणि यंत्र एकाच रंगाचे झाले, एवढ्यावरूनच त्याच्या मनाची ओढ आपल्याला समजते.

चौथा गुण अधिक खोल आहे. तो म्हणजे लहान मुलाला लहान न लेखता त्याच्याकडे पाहणे. सर्गेई थट्टेने साशाला 'वाजवणारा' म्हणतो. हाच शब्द आवारातील मुले त्याला चिडविण्यासाठी वापरीत असतात. साशाला तो झोंबतो आणि रागाच्या भरात तो हातातला पाव भिरकावून देतो. सर्गेईचा चेहरा एकदम कठोर होतो. युद्धाचे आणि उपासमारीचे दिवस पाहिलेल्या पिढीतला तो माणूस आहे. पाव जमिनीवर पडलेला त्याला पाहवत नाही. साशा अखेर तो पाव उचलतो. येथे लांबलचक उपदेश नाही. दोघांनाही राग येण्यास खरे कारण आहे आणि दोघेही एकमेकांकडून काही शिकतात. बालकांसाठी म्हणून केलेल्या पुष्कळ चित्रपटांत मोठी माणसे शिकवितात आणि मुले शिकतात. येथे तसे एकतर्फी काही नाही.

आता दोषांकडे वळू. दोष सांगताना आवाज चढविण्याचे कारण नाही आणि पुटपुटण्याचेही कारण नाही. गुण सांगताना जसा पुरावा दिला, तसाच तो येथेही दिला पाहिजे.

शिकवणीला जाताना साशा एका दुकानाच्या काचेमागील आरशांपुढे थांबतो. त्या आरशांत रस्ता, माणसे, इमारती यांची अनेक तुकड्यांत विभागलेली प्रतिबिंबे दिसतात. एका वस्तूच्या अनेक वस्तू होतात. दृश्य मोहक आहे यात शंका नाही. परंतु ते लांबत जाते आणि तेवढा वेळ कथा एका जागी उभी राहते. 'हे मुलाच्या डोळ्यांना दिसणारे जग आहे,' असे समर्थन करता येईल आणि त्यात तथ्यही आहे. तरीही मुलाचे कुतूहल जेथे संपते आणि दिग्दर्शकाची हौस जेथे सुरू होते, ती जागा प्रेक्षकाला ओळखू येते. नवे साधन हाती आलेल्या शिकणाऱ्याला ते पुनःपुन्हा वापरून पाहावेसे वाटते. निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला नुकताच कळलेला अलंकार पानोपानी घालावासा वाटतो, तसेच हे आहे.

दुसरा दोष पात्रांचा. सर्गेई जवळजवळ निर्दोष आहे. तो धीट, प्रेमळ, कष्टाळू आणि न्यायी आहे. सोव्हिएत संघातील त्या काळच्या चित्रपटांत कामगाराचे असे आदर्श चित्र काढण्याची प्रथाच होती आणि हा विद्यार्थी तिच्यातून पूर्णपणे सुटलेला नाही. पावाच्या प्रसंगी सर्गेईच्या रागाची जी धार दिसते, तशी ती आणखी दोन ठिकाणी दिसती, तर तो अधिक सजीव झाला असता. त्याच्याबरोबर काम करणारी तरुणी तर केवळ शेवटी त्याला चित्रपटगृहाकडे नेण्यापुरतीच कथेत आली आहे, असे वाटते. ती कोण, कशी, तिच्या मनात काय आहे, याची विचारपूस चित्रपट फारशी करीत नाही.

परंतु सर्वांत लक्षात राहणारा दोष आईच्या चित्रणाचा आहे. या घरात वडील दिसत नाहीत. मुलाचा सांभाळ आईच करीत असावी, असे वाटते. सात वर्षांच्या मुलाने त्याच दिवशी भेटलेल्या, आपण कधी न पाहिलेल्या माणसाबरोबर संध्याकाळी बाहेर जावे, हे कोणत्या आईला पटेल? तिची काळजी योग्य आहे. चित्रपटाने ती काळजी ऐकून घेतली असती, तर शेवट अधिक दुःखद आणि अधिक खरा झाला असता. कारण मग दोन योग्य गोष्टी एकमेकींच्या आड आल्या असत्या. येथे मात्र आई ही केवळ एक बंद दार होऊन राहते. प्रेक्षक तिच्यावर रागावतो आणि मोकळा होतो. साशाला लहान न लेखणाऱ्या दिग्दर्शकाने आईला मात्र पुरेसे मोठे होऊ दिले नाही.

येथवर आपण दोन याद्या केल्या, एक गुणांची आणि दुसरी दोषांची. पुष्कळ परीक्षक येथेच थांबतात. वजाबाकी करून गुण देतात आणि पुढच्या कृतीकडे वळतात. खरी पारख मात्र येथून पुढे सुरू होते. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. सफरचंदाचा प्रसंग सुंदर का झाला? दिग्दर्शकाला वस्तूंकडे थांबून, निरखून पाहण्याची आवड आहे म्हणून. आरशांचा प्रसंग का लांबला? त्याच आवडीमुळे. साशाचे एकटेपण इतके खरे का उतरले? दिग्दर्शकाने मुलाच्या मनात शिरून जग पाहिले म्हणून. आई अपुरी का राहिली? तो मुलाच्या मनातून बाहेर येऊन तिच्याकडे पाहू शकला नाही म्हणून. गुण आणि दोष ही दोन वेगवेगळ्या जमिनींत उगवलेली झाडे नव्हेत. बहुधा त्यांची मुळे एकच असतात. म्हणून दोष उपटताना गुणही उपटला जात नाही ना, हे पाहावे लागते.

दोषांचेही दोन प्रकार असतात. एक निष्काळजीपणाचा दोष. आवाज नीट ऐकू न येणे, एका दृश्यात पात्राच्या हाती असलेली वस्तू पुढच्या क्षणी नाहीशी होणे, अक्षरे वाचता न येणे, हे या प्रकारचे दोष होत. ते दाखवून द्यावेत आणि कर्त्याने ते काढून टाकावेत. त्यात चर्चेला जागा नाही. दुसरा प्रकार अपुरेपणाचा. कर्त्याला काहीतरी जाणवू लागले आहे, परंतु ते पुरतेपणी सांगण्याची ताकद अजून त्याच्यात आलेली नाही. हा दोष खोडून टाकावयाचा नसतो. तो वाढवून पुरा करावयाचा असतो. गुऱ्हाळात रस उकळू लागला की वर मळी येते. ती काढून टाकावी लागते. परंतु रस अजून पातळ आहे म्हणून कोणी काहील ओतून देत नाही. तो आणखी आटवावा लागतो. मळी कोणती आणि पातळ रस कोणता, हे ओळखणे म्हणजेच पारख.

तारकोव्स्कीच्या पुढील आयुष्याने या विचाराला चांगला दाखला दिला आहे. १९६२ साली त्याने 'इवानचे बालपण' हा युद्धात होरपळलेल्या एका मुलाचा चित्रपट केला आणि त्याला त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात 'सुवर्णसिंह' हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पाणी, पाऊस आणि सफरचंदे त्यातही आहेत. परंतु आता ती हौसेखातर आलेली नाहीत. इवानच्या स्वप्नात पावसात भिजणारी सफरचंदे दिसतात, तेव्हा त्या मुलाने काय गमावले, हे आपल्याला एका क्षणात कळते. नंतर १९७५ साली त्याचा 'आरसा' हा चित्रपट लोकांपुढे आला. त्याचा विषय स्वतःच्या बालपणाच्या आठवणी हा होता आणि त्या आठवणींच्या केंद्रस्थानी आई होती. वडील घर सोडून गेल्यावर एकटीने मुलांना वाढविणाऱ्या स्त्रीचे कष्ट, तिचे मौन, तिचा अभिमान हे सारे त्यात आले आहे. दिग्दर्शकाची खरीखुरी आई वृद्धपणी त्या चित्रपटात पडद्यावर दिसते. १९६० सालच्या विद्यार्थी-चित्रपटात ज्या दोन जागा कच्च्या राहिल्या होत्या, त्यांतील एक आरशांची आणि दुसरी आईची होती. पंधरा वर्षांनंतर नेमक्या त्याच दोन गोष्टी त्याच्या अत्यंत परिपक्व चित्रपटांपैकी एकात एकत्र आल्या. त्याच्या परीक्षकांनी आरसे आणि आई ही दोन्ही त्याच्या कामातून पुसून टाकावयास लावली असती आणि त्याने ती पुसली असती, तर किती मोठी हानी झाली असती!

पारख कशी असावी, याचे उत्तर या चित्रपटातच एका परीने दिलेले आहे. साशाचे व्हायोलिन त्या एका दिवसात दोघांनी ऐकले. त्याच्या बाईंनी ते मेट्रोनोमच्या साहाय्याने ऐकले आणि त्यांना चूक सापडली. दुपारी पावसानंतर एका कमानीखाली, आवाज घुमणाऱ्या ओल्या जागेत, सर्गेईने ते ऐकले. त्याला संगीताचे शास्त्र ठाऊक नव्हते. तो केवळ स्तब्ध होऊन ऐकत राहिला आणि त्याच्यासमोर तोच मुलगा मोकळेपणाने वाजवीत राहिला. म्हणून बाई चूक आणि सर्गेई बरोबर, असा घाईने निकाल देऊ नये. लयीचा अभ्यास केल्यावाचून कोणीही वादक होत नाही. ठोके मोजणारा कान हवाच. परंतु ठोके मोजताना गाणे ऐकावयाचे राहून गेले, तर मोजणी फुकट जाते. चांगल्या परीक्षकाजवळ हे दोन्ही कान असावे लागतात.

आज शाळाशाळांतून विद्यार्थी छोटे चित्रपट तयार करू लागले आहेत. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने हे काम पुष्कळ सोपे केले आहे. सहाध्यायांनी केलेला असा एखादा चित्रपट पाहण्याचा प्रसंग आला, तर तो तीन वेळा पाहावा. पहिल्या वेळी मनात कोणताही निकाल न आणता, सरळ प्रेक्षक होऊन पाहावा आणि आपले मन कोठे रमले, कोठे भटकले, एवढेच ध्यानात ठेवावे. दुसऱ्या वेळी आवाज बंद करून पाहावा. बोलणे काढून घेतल्यावरही गोष्ट समजत असेल, तर दृश्ये आपले काम करीत आहेत असे समजावे. साशाच्या सफरचंदाचा प्रसंग या परीक्षेत सहज उतरेल. तिसऱ्या वेळी डोळे मिटून केवळ ऐकावे. वाऱ्याचा, पावलांचा, भांड्यांचा आवाज काही सांगतो आहे, की आरंभापासून शेवटपर्यंत एकच संगीत उगाच वाजते आहे, हे तेव्हा उमगेल.

त्यानंतर अभिप्राय लिहावा. तो लिहिताना विशेषणे कमी आणि प्रसंग अधिक असावेत. 'छायाचित्रण उत्तम आहे' या वाक्यातून कर्त्याला काय कळणार? त्याऐवजी 'आजी दार लावते, तेव्हा कॅमेरा दाराबाहेरच थांबला. त्यामुळे तिचे रडणे न दिसताही मला जाणवले,' असे लिहिले, तर आपण काय साधले, हे त्याला कळेल. त्याचप्रमाणे 'मधला भाग कंटाळवाणा आहे' असे न लिहिता, 'बाजाराचे दृश्य सुरू झाल्यावर मी मुलाला विसरलो, कारण तेथे तो कोठेच दिसत नव्हता,' असे लिहावे. पहिल्या वाक्याने मन दुखावते. दुसऱ्याने वाट दिसते. दोष सांगण्यास हरकत नाही, पण ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काय करावे हे कळेल, अशा रीतीने तो सांगितला पाहिजे.

स्वतःच्या कृतीकडे पाहताना तर अधिक सावध राहावे लागते. आपण घेतलेले श्रम आपल्याला आठवत असतात. प्रेक्षकाला मात्र ते ठाऊक नसतात. जे दृश्य टिपण्यासाठी आपण चार तास उन्हात उभे राहिलो, ते चित्रपटात ठेवावेच असे आपल्याला वाटते. परंतु उन्हाचे ते चार तास दृश्यात उतरत नाहीत. म्हणून काम पुरे झाल्यावर ते काही दिवस बाजूला ठेवावे आणि मग दुसऱ्या कोणाचे असावे तसे पाहावे. लाज वाटेल अशा जागा दिसतील. त्या लपवू नयेत. त्यांतली मळी कोणती आणि अजून आटवावयाचा रस कोणता, हे स्वतःला विचारावे.

दुसऱ्याच्या पहिल्या प्रयत्नाकडे आपण कसे पाहतो, यावरून आपली स्वतःची योग्यताही ठरत असते. खोटी स्तुती करणारा कर्त्याला जागच्या जागी थांबवितो आणि निर्दय टीकाकार त्याला माघारी फिरवितो. जो नीट पाहतो, पाहिलेले खरे सांगतो आणि अपुऱ्या कृतीत उद्याच्या पुऱ्या कृतीची खूण ओळखतो, तोच त्याला एक पाऊल पुढे नेतो.

स्वाध्याय

१. आवड आणि पारख यांतील फरक लेखकाने कोणत्या उदाहरणाने स्पष्ट केला आहे?

२. सफरचंदाच्या प्रसंगात दिग्दर्शकाने शब्दांवाचून काय सांगितले आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.

३. 'आई ही केवळ एक बंद दार होऊन राहते,' असे लेखक का म्हणतो? तुम्हांला हे मत पटते काय? कारणे द्या.

४. निष्काळजीपणाचा दोष आणि अपुरेपणाचा दोष यांतील भेद गुऱ्हाळाच्या दृष्टान्ताच्या आधारे समजावून सांगा.

५. तुमच्या शाळेत झालेले एखादे नाटक, चित्र किंवा लघुपट घेऊन त्याचा एक गुण आणि एक दोष प्रसंगासह लिहा. त्या दोहोंचे मूळ एकच आहे काय, याचा विचार करा.